शिकारीचं सामान

माणसाचा खरा स्वभाव लग्न जमवताना कळत नाही, उसने पैसे देताना कळत नाही. तो प्रवासाचं सामान बांधताना कळतो. 'एका पिशवीत मावेल एवढंच घ्यायचं' असं घरात ठणकावून सांगून खरोखरच एक पिशवी घेऊन घराबाहेर पडलेला विवाहित पुरुष निदान माझ्या पाहण्यात नाही. अविवाहित एक होता. पण तो पिशवीच घरी विसरला होता.

हे आठवायचं कारण, एका जानेवारीत मला एकाएकी पक्षी मोजायला जावं लागलं. मी हिंगोलीच्या एका बँकेत कारकून आहे. बी. कॉम. आहे. माझा आणि पक्ष्यांचा संबंध बँकेच्या पत्र्यावर घुटर्घुम करणाऱ्या पारव्यांपुरता. आणि तोही, त्यांनी व्हाऊचरवर केलेल्या सह्या मला पुसाव्या लागतात म्हणून.

झालं असं की, आमच्या चिरंजीवांच्या शाळेतले विज्ञानाचे सर एक दिवस पैसे भरायला काउंटरवर आले. नोटा मोजायचं यंत्र नेहमीप्रमाणे विश्रांती घेत होतं, म्हणून मी हातानं मोजत होतो. मोजता मोजता शेजारच्या टेबलाशी महागाईभत्त्याबद्दल बोलत होतो. सर बराच वेळ माझ्या बोटांकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता उशिराबद्दल तक्रार करणार. पण ते म्हणाले,

"बोलत बोलत मोजता आणि चुकत नाही! रविवारी काय करता तुम्ही?"

रविवारी मी काहीच करत नाही, आणि तेही बायको सांगेल त्याप्रमाणे करतो. तसं मी सांगितलं. मग सरांनी काउंटरच्या जाळीतूनच मला माहिती दिली. दर जानेवारीत म्हणे आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चालू आहे. ठिकठिकाणची हौशी माणसं एकाच सुमाराला आपापल्या तळ्यांवर, धरणांवर जातात आणि दिसतील ती पाखरं मोजून आकडे कळवतात. वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून कुठली जात वाढतेय, कुठली संपत चाललीय, याचा अंदाज बांधता येतो. आपल्याला औंढ्याकडच्या सिद्धेश्वर धरणावर जायचंय.

"पण सर, मला कावळा आणि चिमणी सोडली तर तिसरा पक्षी ओळखता येत नाही."

"ओळखायचं माझ्याकडे. बघणारे पुष्कळ मिळतात, मोजणारे मिळत नाहीत. तुम्ही समजा, नोटाच मोजताय."

"उडणाऱ्या?"

"त्या काय, पगार झाल्यावर उडतातच की!"

रांगेतली माणसं हसली. काउंटरवर हसं झालं की माणूस कशालाही हो म्हणतो. मी हो म्हणालो. सरांनी पासबुकाच्या पाकिटावर मला सामानाची यादी लिहून दिली. दुर्बीण, वही, पेन्सिल, टोपी, मळकट रंगाचे उबदार कपडे, पाणी आणि दुपारचा डबा. वस्तू सात. पेन नको, पेन्सिलच हवी. दंवात शाई फुटते. दुर्बीण ते त्यांच्या जवळची एक मला देणार होते. म्हणजे घरून निघणार सहाच वस्तू.

सहा वस्तूंची ती यादी मी संध्याकाळी विजयी मुद्रेनं घरी आणली. सौ.नं ती वाचली, उलटी करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच? बरोबर लेकरू आहे ना?"

चिरंजीव बरोबर येणार हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर यादी वाढत गेली. मळकट कपड्यांचा प्रश्न आधी निघाला. माझ्याकडे मळलेले कपडे आहेत, मळकट रंगाचे नाहीत. शेवटी मेहुणीच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या कापडाचा सफारी कपाटातून बाहेर निघाला. पिस्त्याच्या रंगाचा. तो घालून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही पक्षी मोजायला चाललात का मुलगी बघायला?" मग स्वेटर आला. स्वेटरमागून कानटोपी आली. एक हरवली तर म्हणून दुसरी कानटोपी आली. बाम, ओवा, सतरंजी, दोरी, मेणबत्ती. दिवसा जाऊन दिवसा परत यायचं होतं, तरी मेणबत्ती. "असू द्या," हा आमच्या घरातल्या सामानशास्त्राचा मूळ सिद्धांत आहे. 'कशाला?' या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

डब्याबद्दल तर बोलायलाच नको. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि लिंबाचं लोणचं. लोणचं काचेच्या बरणीत. मी म्हटलं, "बरणी फुटेल, प्लॅस्टिकच्या डबीत दे." त्यावर लोणचं प्लॅस्टिकमध्ये घालणाऱ्या बायकांबद्दल तिनं आपलं मत दिलं. मी गप्प बसलो. मात्र 'बरणी फुटेल' हे वाक्य तिच्या डोक्यात राहिलं होतं, हे मला पुढं धरणावर कळलं.

चिरंजीवांनी स्वतःचं सामान स्वतः भरलं, याचं मला कौतुक वाटलं होतं. तपासणीत त्यांच्या दप्तरातून एक चेंडू, अर्धा किलो शेव आणि एक बेचकी निघाली.

"पक्षी मोजायला चाललोय आपण! बेचकी कशाला?"

"असू द्या," चिरंजीव म्हणाले. मुलगा आईवर गेलाय.

ही बातमी औंढ्याला कशी पोचली ते ठाऊक नाही. पण शनिवारी दुपारच्या एस.टी.नं मामा येऊन दारात उभे राहिले. मामा म्हणजे माझे सासरे. वय वर्षं ऐंशी. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चालताना काठी. पण खांद्याला एक खाकी कॅनव्हासची पिशवी होती. तिच्या पट्ट्याचं पितळी बक्कल काळं पडलं होतं आणि झाकणावर कसले कसले जुने डाग होते.

"काय करायलेत जावईबापू? सिद्धेश्वरला चाललेत म्हणं?"

"हो मामा. पक्षी मोजायला."

"हौ. मी पण यायलोय," मामा म्हणाले आणि चहाची वाट बघत खुर्चीत बसले.

इथं मामांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या माहेरी, म्हणजे माझ्या माहेरी, शिकार हा शब्द झुरळांपलीकडे गेला नव्हता. लग्नात जेव्हा कळलं की सासरे एके काळी पट्टीचे शिकारी होते, तेव्हा माझे वडील वरमाला पडेपर्यंत घाबरलेले होते. मामांच्या वडिलांकडे निजामाच्या अमदानीपासून एक बाराबोरची दुनळी बंदूक होती. पिकांच्या राखणीसाठी परवाना होता. पुढं १९६०च्या दशकात पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, मैलोगणती पाणी साठलं आणि हिवाळ्यात त्यावर बदकं उतरू लागली. मामा तेव्हा विशीत. पीक शेतात, बंदूक घरात आणि मामा धरणावर, असं ते चालायचं. पुढं १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यातही परवाना काढून काही शिकार करता यायची. १९९१च्या दुरुस्तीनं तीही सोय संपली. मामांनी मात्र कायदा आल्या आल्या बंदूक ठेवून दिली, असं आमच्या सासुरवाडीत अभिमानानं सांगतात. नंतर ती बंदूक फक्त निवडणुकांच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा व्हायला घराबाहेर पडे. शेवटी मामांनी परवाना परत केला आणि बंदूकही सरकारात देऊन टाकली.

चहा झाल्यावर मामांनी आमच्या सामानाची पाहणी केली. आठ नग होते. मामांनी काठीनं एकेक ढोसून बघितला.

"लग्नाला चाललेत का?"

मग त्यांनी शिकारीला निघतानाची त्यांची यादी सांगितली. बंदूक, काडतुसं, गज आणि फडकं, वही-पेन्सिल, मळकट कपडे, मुंडासं, पाण्याची चामडी पिशवी, भाकरी. काडतुसं तेव्हा कागदी असत. दमट हवेत ती फुगत आणि नळीत जात नसत, म्हणून ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून न्यायची. बदकाला चार नंबरचा नाहीतर सहा नंबरचा छर्रा. घड्याळ काढून ठेवायचं, कारण काच चमकते. उन्हं आपल्या पाठीशी हवीत. झुंजूमुंजू व्हायच्या आत जाऊन बसायचं. खोकायचं नाही, बोलायचं नाही.

मी सरांची यादी काढून शेजारी धरली. बंदूक आणि तिचं सासर सोडलं तर दोन्ही याद्या सारख्या! सरांनीही नेमकं हेच बजावलं होतं, पहाटे पोचायचं, ऊन पाठीशी ठेवायचं, चमकणारं काही नको, तोंड बंद. पाखराला मारायला आणि पाखराला मोजायला जाणारा माणूस दहातल्या नऊ गोष्टी सारख्याच करतो, हे मला तेव्हा कळलं. फरक शेवटच्या वस्तूचा.

"आता हे सगळं काढा," मामा म्हणाले, "अन् काय लागतंय तेवढं ह्या पिशवीत घाला."

मी खाकी पिशवी रिकामी करायला घेतली. आत बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. रिकामा, पण झाकण उघडताच कसलासा जुना उग्र वास आला. एक चाकू होता, आणि तळाशी काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, कडा वाळवीनं कुरतडलेल्या.

"ही वही काढून ठेवू का?"

"ती राहू द्या," मामा म्हणाले. चाकू मात्र त्यांनी स्वतः काढून सौ.कडे दिला. मग चिरंजीवांना जवळ बोलावून बेचकी मागितली. मला वाटलं, आता नातवाला रागावतील. त्यांनी रबर ताणून पाहिलं, "चांगली बांधली," एवढंच म्हणाले आणि बेचकी आपल्या कोटाच्या खिशात घातली. आजोबांच्या कोटाच्या खिशात गेलेली वस्तू परत मागायची नसते, एवढं चिरंजीवांना कळतं.

रात्री सौ.नं आमच्या आठ नगांचे कसेबसे चार केले. सरांनी पाठवलेली दुर्बीण तिच्या काळ्या चामडी पेटीसकट मी सगळ्यात वर ठेवली आणि झोपलो.

पहाटे चार वाजता सर काळी-पिवळी घेऊन आले. नऊ माणसांसाठी केलेल्या ज्या गाडीत एरवी सोळा बसतात, तिच्यात आम्ही सहाजण आणि सामान भरल्यावर जागा उरली नाही. सर सामानाकडे बघून काही बोलले नाहीत. पण वाटेत त्यांनी सहज म्हणून आम्हाला पट्टकदंबाची माहिती दिली. हा राजहंसाच्या जातीचा पक्षी, डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाख इकडं अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्र बसवून माग काढला तेव्हा एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवरून जाताना आढळला. मंगोलियात गळ्यात नंबराचे पट्टे घातलेले हंस भारतात दिसलेले आहेत.

"आणि सामान?" मी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. माझ्या मांडीवर त्या वेळी सतरंजी होती.

बोलता बोलता सरांनी भरतपूरची गोष्टही सांगितली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथल्या सरोवरावर एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा शिकारींचे आकडे तिथं दगडावर कोरून ठेवलेत. १९८५पासून तीच जागा जागतिक वारसा म्हणून पाखरांसाठी राखलेली आहे.

"चार हजार दोनशे त्र्याहत्तर," मी म्हटलं, "शेवटच्या तीनापर्यंत हिशोब! आमच्या बँकेत असा लागत नाही."

"मेलेली मोजायला सोपी असतात," मामा मागून म्हणाले. त्यानंतर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

सरांना ते जाणवलं असावं. ते म्हणाले, "नाना, सलीम अलींनीसुद्धा लहानपणी एअरगननं एक चिमणी पाडली होती. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली. ही कुठली चिमणी, असं विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून ते पक्ष्यांचे झाले. पुष्कळ पक्षीतज्ज्ञ बंदुकीकडूनच आलेत."

"त्यांनी एक पाडून विचारलं," मामा म्हणाले. "आम्ही विचारलंच नाही."

धरणावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती फट पडली होती. थंडी अशी की दोन्ही कानटोप्या उपयोगी पडल्या. (एक सरांनी घेतली. सौ.चा सिद्धांत इथं खरा ठरला हे मी घरी सांगितलेलं नाही.) पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून बाजार भरावा तसा आवाज येत होता. सरांनी आपली तिपाईवरची मोठी दुर्बीण उभी केली. मी पाठीशी ऊन येईल अशी जागा धरली, सतरंजी अंथरली, वही-पेन्सिल काढली आणि मोठ्या ऐटीत काळ्या चामडी पेटीचं झाकण उघडलं.

आत लिंबाचं लोणचं होतं.

बरणी पेटीत अगदी मापात बसली होती. चहूकडून मऊ अस्तर. हिमालय ओलांडला असता तरी फुटली नसती. सौ.नं माझं एक वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मनावर घेतलं होतं. दुर्बीण घरी तांदळाच्या डब्यावर सुखरूप होती, हे संध्याकाळी कळलं.

सर काही म्हणाले नाहीत. विज्ञानाच्या सरांना प्रयोग फसायची सवय असते. मामा मात्र हसले. पोट धरून, पण आवाज न करता. शिकाऱ्याचं हसणं असंच असतं म्हणे. पाखरं उठत नाहीत.

"डोळे हाईत की," ते म्हणाले. "आमच्याकडं कुठं होती दुर्बीण?"

हळूहळू धुकं उचललं आणि मोजणी सुरू झाली. आधी काळ्या पाखरांचा एक मोठा घोळका. अंग काळं कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा.

"वारकरी," सर म्हणाले.

नामदेवांच्या नरसीच्या जिल्ह्यात आपल्याला पहिल्यांदा वारकरीच मोजायला मिळावेत, याचा मला आनंद झाला. पण हे वारकरी शिस्तीचे नव्हते. आत्ता इथं बुडी मारली की तिथं वर येत. मी एकशेवीसपर्यंत आलो की त्यातले चाळीस पाण्यावर पळत पळत दुसऱ्या दिंडीत जात. पुन्हा एकपासून. नोटेचं तसं नसतं. मोजलेली नोट पुन्हा न मोजलेल्या गड्डीत जाऊन बसत नाही. निदान साहेब बघत असताना तरी.

मग सरांनी युक्ती सांगितली. दहा पाखरं नीट मोजायची, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरायचं आणि त्या मापानं पुढचा थवा मापत जायचं. म्हणजे गड्डीच! शंभराची गड्डी डोळ्यांना सवयीची असते, तशी वारकऱ्यांचीही झाली. तास-दीड तासात माझा हात बसला. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके असलेलं हळदी-कुंकू बदक मला न सांगता ओळखता आलं. ते नाव ऐकून मला घरची आठवण झाली आणि एक धपाटा खावासा वाटला. शेपटीला टोक काढलेली तलवार बदकं, पसरट चोचीचे थापटे, इवल्याशा टिबुकल्या, सगळं वहीत चढत गेलं. मामा सतरंजीवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली. तेवढ्यात पाठीमागून एक थवा डोक्यावरून गेला आणि मामा डोळे न उघडता म्हणाले, "तलवार. वीसेक." सरांनी वर पाहून मोजले. एकोणीस होते.

आठच्या सुमाराला ते आले. आधी आवाज आला. उत्तरेकडून, वरून, माणसं लांबून बोलत येतात तसा. मामा उठून उभे राहिले, काठीशिवाय. एक वाकडीतिकडी रांग आमच्यावरून गेली, पलीकडच्या गाळपेरावर वळली आणि पाय पुढं सोडून खाली उतरली. उन्हात त्यांच्या डोक्यांवरचे दोन-दोन पट्टे मला दुर्बिणीशिवाय दिसले, असं मी सांगतो. सर म्हणतात, शक्य नाही.

"मोजा!" सर कुजबुजले.

मी अडतीस मोजले. चिरंजीवांनी एकेचाळीस मोजले. सरांच्या दुर्बिणीत सदतीस आले. पुन्हा मोजलं तर माझे सदतीस, सरांचे अडतीस आणि चिरंजीवांचे ठाम एकेचाळीस. पाचव्या वेळी कुठं आम्ही सगळे अडतीसवर आलो. तीस माणसांची कॅश एका रुपयानं चुकली की रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस मी; पण ती कॅश जमली तेव्हा असं कधी वाटलं नव्हतं.

"जावईबापू, पिशवीतली वही द्या," मामा म्हणाले.

मी काळी वही काढून दिली. त्यांनी माझ्याच पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढं केली. मी कारकून, वही हातात आली की आधी मागची पानं बघतो. १९६८पासूनच्या नोंदी होत्या. तारीख, ठिकाण, पाखराचं नाव, नग. 'तलवार ७.' 'हळदी-कुंकू २.' 'पट्टकदंब ३.' अक्षर मोत्यासारखं. शेवटची नोंद ९ जानेवारी १९७२ची होती, आणि तिच्याखाली रेघ मारून सगळ्या पानांची बेरीज होती. एकूण २१७.

हिशोब तपासायची सवय वाईट. मी म्हटलं, "मामा, कायदा सप्टेंबर बहात्तरचा. आणि ही शेवटची नोंद जानेवारीची. मग कायद्यामुळं सोडली असं..."

"ते लोकांला सांगायला," मामा म्हणाले. "त्या दिवशी शिकार काहीच झाली नव्हती. बसल्या बसल्या वेळ जाईना म्हणून बेरीज केली. तवर कधी केलीच नव्हती. आज चार, उद्या तीन, असंच वाटायचं. बेरीज केली अन् बंदूक खांद्याला लावून घरी आलो. परत गेलो नाही."

मी खाली पाहिलं. त्या बेरजेखाली, बावन्न वर्षांची कोरी जागा सोडून, थरथरत्या अक्षरात आजची तारीख होती आणि पुढं लिहिलं होतं : 'पट्टकदंब ३८. सगळे पाण्यावर.'

"तुमच्या बँकेत असं खातं चालतं का?" मामांनी विचारलं. "इतकी वर्षं व्यवहार नाही केला तर?"

मी नियम सांगितला. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. पण खातेदार ओळख पटवून आला, तर कधीही परत मिळते.

"मिळते ना?" मामा म्हणाले.

"मिळते."

मग आम्ही धपाटे खाल्ले. दुर्बिणीच्या पेटीतलं लोणचं सगळ्यांनी चाटूनपुसून संपवलं. चिरंजीवांनी आजोबांच्या कोटाच्या खिशाकडे एकदाच पाहिलं आणि मग स्वतःच सरांच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले.

परत आल्यावर सौ.नं सामान सोडलं. एकूण वस्तू त्रेचाळीस. वापरलेल्या अकरा. मेणबत्ती जशीच्या तशी. "असू द्या," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी कामाला येईल."

मामा सोमवारी सकाळच्या एस.टी.नं औंढ्याला गेले. त्यांना बसवून आलो तर खाकी पिशवी आमच्याच खुंटीवर. मी फोन केला. "माझ्याकडं कशाला?" ते म्हणाले. "पुढच्या जानेवारीत बांधायची तुम्हालाच हाय." उघडून पाहिलं. बिस्किटाचा डबा आणि तळाशी काळी वही.

सौ.नं त्या पिशवीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "मजबूत आहे हो. दळण आणायला छान."

लग्नानंतर अठरा वर्षांनी मी तिला प्रथमच स्पष्टपणे 'नाही' म्हणालो. ती इतकी चकित झाली की, कारणसुद्धा विचारायची विसरली.